मुलींच्या जपानी चित्रकथा जप्त करण्यापूर्वी वाचून पाहाव्यात

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात नुकतेच एका पालकांचे पत्र प्रसिद्ध झाले. नाशिकमधील एका शाळेने नववीच्या मुलींच्या दप्तरांतून जपानी प्रेमकथेची चित्रपुस्तके काढून घेतली, हे योग्यच झाले, असे त्यांनी त्यात लिहिले होते. असल्या ‘कार्टूनमधल्या प्रेमप्रकरणां’मुळे कोवळ्या वयातील मुलींचे अभ्यासावरून लक्ष उडते, तेव्हा पालकांनी मोबाइलवरील जपानी मालिकाही बंद कराव्यात, अशी सूचनाही त्यांनी केली होती. त्यांची काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. वयात येणाऱ्या मुलीच्या हातात काय पडते आहे याकडे आईवडिलांचे लक्ष असायलाच हवे. परंतु ज्या पुस्तकावरून हे सारे घडले ते त्यांनी, किंवा ते जप्त करणाऱ्या शिक्षकांनी, उघडून वाचल्याची कोणतीही खूण त्या पत्रात दिसली नाही. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आहे. माझी नात आणि तिच्या मैत्रिणी यांच्यामुळे हे पुस्तक माझ्या हाती आले, मी ते इंग्रजी अनुवादातून वाचले आणि त्यावरील अॅनिमेशन मालिकाही पाहिली. त्या आधारावर मी हे लिहीत आहे.

पुस्तकाचे नाव ‘इताझुरा ना किस’. काओरु तादा या लेखिकेने १९९० पासून ते ‘बेस्सात्सु मार्गारेट’ या मासिकात क्रमशः लिहिले आणि त्यातील चित्रेही स्वतःच काढली. हे मासिक जपानमधील शुएइशा ही मोठी प्रकाशनसंस्था काढते, आणि ते मुलींसाठीच निघते. कथेचे पुढे २३ खंड झाले. मार्च १९९९ मध्ये घर बदलण्याच्या धावपळीत डोक्याला मार लागून तादाबाई गेल्या, तेव्हा त्या अवघ्या अडतीस वर्षांच्या होत्या आणि कथा अपुरी होती. तोपर्यंत तिच्यावर १९९६ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर एक मालिका होऊन गेली होती. त्यानंतर २००५ मध्ये तैवानने, २०१० मध्ये कोरियाने आणि २०१३ मध्ये पुन्हा जपानने तिच्यावर मालिका काढल्या, आणि २००८ मध्ये पंचवीस भागांची अॅनिमेशन मालिका आली. आपल्याकडच्या ज्या मुली कोरियन मालिका आवडीने पाहतात, त्यांच्यापैकी अनेकींनी ही कथा कोरियन वेषात आधीच पाहिलेली असते. तिचे मूळ मुलींच्या एका जपानी मासिकात आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नसते.

कथानक थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण ‘प्रेमप्रकरण’ या एका शब्दात ते मावत नाही. कोतोको आइहारा ही शाळेच्या ‘एफ’ तुकडीतील मुलगी. तुकड्या गुणांप्रमाणे पाडलेल्या असल्यामुळे ‘एफ’ ही शेवटची. ‘ए’ तुकडीतील नाओकी इरिए हा असामान्य बुद्धीचा मुलगा तिला आवडतो. ती धीर करून त्याला पत्र देते आणि तो ‘नको’ एवढेच म्हणून निघून जातो. शाळाभर तिची थट्टा होते. त्यातच तिचे नवे घर भूकंपाच्या एका हलक्या धक्क्याने कोसळते. आई लहानपणीच गेलेली. वडील खानावळ चालवून संसार ओढणारे. ते आपल्या जुन्या मित्राकडे आसरा घेतात आणि तो मित्र निघतो नाओकीचाच पिता. ज्याने पत्र नाकारले त्याच्याच घरात एका छपराखाली राहण्याची वेळ कोतोकोवर येते.

इथवरचा भाग कोणत्याही हलक्याफुलक्या कथेत शोभेल असा आहे. पुढे मात्र तादाबाई एकेका पात्राच्या मनात शिरतात. नाओकीला सारे काही न मागता मिळत आले आहे, म्हणून त्याला कशाचीच ओढ नाही. परीक्षेत पहिला येणे ही त्याच्या लेखी कौतुकाची गोष्टच नव्हे. कोतोकोला काहीच सहजासहजी जमत नाही, तरीही ती प्रत्येक गोष्टीत जीव ओतते. आपल्याला आयुष्यात काय करायचे आहे हे नाओकीला कळते ते या मुलीमुळे. तो वैद्यकीय शिक्षणाकडे वळतो आणि तीही धडपडत परिचारिका होते. मधल्या काळात नाओकीचे वडील आजारी पडतात, खेळणी बनवणारी त्यांची कंपनी अडचणीत येते आणि कंपनी सावरण्यासाठी एका श्रीमंत घराण्यातील सुशील मुलीशी नाओकीचे लग्न ठरू लागते. ती मुलगी खलनायिका नाही. ती खरोखरच गुणी आहे, आणि म्हणूनच वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. कुटुंबाच्या भल्यासाठी मुलाने मन मारावे का, हा प्रश्न आपल्या घरांना परका आहे असे कोणी म्हणू शकेल का?

मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की या कथेतील लग्न शेवटी होत नाही, मध्येच होते. आपल्याकडच्या किंवा परदेशी बहुतेक प्रेमकथांचा पडदा मंगलाष्टकांवर पडतो. इथे लग्नानंतरही अनेक खंड शिल्लक असतात, आणि त्यांत आहे तो संसार: नवऱ्याचा अबोलपणा, दोघांच्या अभ्यासाची ओढाताण, परिचारिकेच्या प्रशिक्षणात कोतोकोच्या हातून होणाऱ्या चुका आणि तरीही शिक्षण न सोडण्याचा तिचा हट्ट. तिच्याबरोबर शिकणारा एक तरुण नाओकीच्या कोरड्या वागण्यावर तिच्या वतीने संतापतो, आणि आजवर कोणाचाही हेवा न वाटलेल्या नाओकीला पहिल्यांदाच मत्सर म्हणजे काय ते कळते. हा सारा भाग मी फार बारकाईने वाचला. आपल्या बायकोला आपण किती गृहीत धरले होते हे त्या हुशार माणसाला उमगते, पण ते कबूल करायला त्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीत. मनुष्यस्वभावाची एवढी जाण असलेले लेखन ‘कार्टून’ म्हणून बाजूला सारणे हा त्या लेखिकेवर अन्याय आहे.

सासूबाईंचा उल्लेखही केलाच पाहिजे. नाओकीच्या आईला मुलीची फार हौस होती, इतकी की तिने लहानपणी नाओकीला मुलीचे कपडे घालून त्याचे फोटो काढले होते. कोतोको घरात येताच ती तिची कैवारी होते आणि मुलाशी भांडणाची वेळ आली तर सुनेच्या बाजूने उभी राहते. सुनेला छळणाऱ्या सासवा आपल्या मालिकांमध्ये रोज संध्याकाळी दिसतात आणि त्या घरोघरी बिनदिक्कत पाहिल्या जातात. त्या मालिका शाळकरी मुलींनी आजीच्या मांडीला मांडी लावून पाहिलेल्या चालतात आणि हे पुस्तक मात्र दप्तरातून काढून घ्यावे लागते, याचा मेळ कसा घालायचा हे पत्रलेखकांनी सांगावे.

आता ‘कार्टून’ या शब्दामागे असलेल्या समजुतीविषयी. जपानमध्ये मुलींसाठीच्या चित्रकथांची परंपरा फार जुनी आहे. ओसामु तेझुका यांनी १९५३ मध्ये ‘शोजो क्लब’ या मासिकात मुलाच्या वेषात वावरणाऱ्या राजकन्येची दीर्घ कथा सुरू केली. ‘नाकायोशी’ हे मासिक १९५४ मध्ये आणि ‘रिबोन’ १९५५ मध्ये निघाले, आणि ही दोन्ही मासिके आजही निघतात. सुरुवातीच्या काळात मुलींच्या या कथा काढणारे बहुतेक चित्रकार पुरुषच होते. सत्तरच्या दशकात हे चित्र पालटले. मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा या १९४९ च्या आसपास जन्मलेल्या लेखिकांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या इतर काहीजणींनी मुलींच्या चित्रकथेत इतिहास, विज्ञानकथा, मृत्यू, एकटेपण असे विषय आणले. रियोको इकेदा यांची फ्रेंच राज्यक्रांतीवरील कथा १९७२ मध्ये ‘मार्गारेट’मध्ये सुरू झाली. १९७४ मध्ये ती ताकाराझुकाच्या, केवळ स्त्रिया काम करीत असलेल्या रंगमंचावर गेली आणि १९७९ मध्ये तिची अॅनिमेशन मालिका आली. काओरु तादा या परंपरेच्या वारसदार आहेत. मुलींच्या मनात काय चालते हे मुलींना सांगण्यासाठी स्त्रियांनी घडवलेले एवढे मोठे दालन, दर महिन्याला नेमाने निघणाऱ्या मासिकांसह, मराठीत आजवर उभे राहिलेले नाही. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून मुलामुलींना वाचनाची गोडी लावते आहे आणि त्याचे ऋण मोठे आहे. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने ‘किशोर’ संपवल्यावर तिच्या वयाचे, तिच्या मनाचे असे काय वाचावे, या प्रश्नाला शिक्षिका असताना माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हते आणि आजही नाही. एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्यांवर उडी मारायची किंवा वाचन सोडून द्यायचे, अशीच तिची गत होते, आणि बहुतेकजणी दुसरा मार्ग धरतात.

या लेखिकांनी चित्रकथेच्या पानावर काय साधले ते जवळून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. जपानी पुस्तक उजवीकडून उघडते आणि चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. पहिली काही पाने चुकतमाकत गेली की डोळ्यांना सवय होते. दोन माणसे बोलत असताना चौकटी आखीव असतात आणि संवाद फुग्यांत असतात. पण कोतोको गप्प राहून काही सोसत असते तेव्हा चौकटीची रेघ नाहीशी होते, मागची खोली, भिंत, फळा सारे पुसले जाते, आणि तिच्या मनातले वाक्य कोणत्याही फुग्यात न बसता पांढऱ्या जागेत एकटेच छापलेले असते. आपण ते वाक्य ऐकत नाही. ते जणू आपल्याच मनात उमटते. आपल्याकडे नाटकात ‘स्वगत’ असते त्याच जातीची ही युक्ती आहे, फक्त इथे ती रंगमंचाऐवजी कागदावर केलेली आहे. पुढच्या पानावर लगेच तोंड वेडेवाकडे करून घसरून पडलेली कोतोको दिसते आणि हसू येते. दुःख आणि हसू एवढे शेजारी ठेवूनही दोहोंचा तोल न जाऊ देणे हे सोपे काम नव्हे.

कागदावरचे हे स्वगत अॅनिमेशनमध्ये आले की त्याला आवाज मिळतो. २००८ च्या मालिकेत कोतोकोला नाना मिझुकी यांनी आवाज दिला आहे आणि तिची बडबड, तिचा हुंदका, तिचे स्वतःलाच समजावणे हे सारे त्यांनी उत्तम सांभाळले आहे. पण आवाज मिळतो तेव्हा वेळ हातातून जातो. पुस्तकाच्या एखाद्या पानावर वाचणारी मुलगी हवी तितकी थांबू शकते. पडद्यावर तेच क्षणात निघून जाते. शिवाय तेवीस खंडांचा ऐवज पंचवीस भागांत बसवायचा म्हणजे साधारण एका खंडाला एक भाग एवढेच वाट्याला येते, आणि त्या घाईत दुय्यम पात्रांचे पुष्कळसे आयुष्य गळून पडते. कोतोकोवर जीव टाकणारा किन्नोसुके हा तिच्या वडिलांच्या खानावळीत स्वयंपाक शिकायला राहतो. त्याच्या प्रेमाला आणि कष्टाला पुस्तकात जी जागा आहे ती अॅनिमेशनमध्ये उरलेली नाही, याचे मला वाईट वाटले. दुसरीकडे, त्याच मालिकेने एक मोठे ऋण फेडले. लेखिकेच्या निधनामुळे अपुऱ्या राहिलेल्या कथेला, तिने मनाशी योजलेल्या शेवटाच्या आधारे आणि तिच्या पतीच्या संमतीने, मालिकेने पूर्णत्व दिले आणि कथा कोतोकोच्या मुलीच्या जन्मापर्यंत नेली. वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या वाचकांना त्या शेवटाने काय दिले असेल याची कल्पना, एखादी आवडती क्रमशः कादंबरी मध्येच थांबलेली ज्याने अनुभवली आहे त्यालाच येईल.

हे सांगण्याचे कारण असे, की पत्रलेखकांनी ज्याला ‘जपानी मालिका’ म्हटले आहे ते बहुधा मोबाइलवर फिरणारे अर्ध्या मिनिटाचे तुकडे असावेत. त्यांत पावसात भिजणारी दोन माणसे असतात, एक चुंबन असते, वर एखादे गाणे चिकटवलेले असते, आणि आधीचे-नंतरचे काहीच नसते. पावसातल्या त्या प्रसंगापाशी पोहोचण्यासाठी पुस्तकातील मुलगी किती रडली आहे, किती अभ्यास करून परीक्षांना बसली आहे, दुसऱ्या एका चांगल्या मुलाला नकार देताना तिची किती घालमेल झाली आहे, हे त्या तुकड्यात दिसणे शक्यच नाही. तुकडा पाहून संपूर्ण पुस्तक जप्त करणे म्हणजे साप म्हणून भुई धोपटणे आहे. तुकड्यांवर बंदी घालायची असेल तर ती सर्वच भाषांच्या आणि सर्वच देशांच्या तुकड्यांवर घालावी. त्याला माझा पूर्ण पाठिंबा राहील.

या कथेत दोष नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही, आणि ते लपवून मुलींना पुस्तक द्यावे असेही मला वाटत नाही. नाओकी कोतोकोला येता-जाता मूर्ख म्हणतो. ज्या चुंबनावरून पुस्तकाला नाव मिळाले ते तो शाळेच्या निरोपाच्या दिवशी, ती ‘मी तुला विसरणार’ असे म्हणत असताना, तिला खिजवण्यासाठी आणि तिला न विचारता घेतो. १९९० च्या सुमारास हे खट्याळपणाचे मानले गेले असेल, पण आज चौदा वर्षांच्या मुलीने ते निमूटपणे गोड मानून घ्यावे हे मला मान्य नाही. कोतोकोचे परिचारिका होणे हेही आरंभी स्वतःच्या ओढीने नसून नवऱ्याच्या जवळ राहता यावे म्हणून आहे, ही टीकाही खरी आहे. पत्रलेखकांनी हे मुद्दे मांडले असते तर त्यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत झाले असते. पण अशा गोष्टी असलेले पुस्तक दप्तरातून काढून घेतल्याने मुलीला त्या पारखता येऊ लागतील का? त्या तिला इतरत्र, अधिक वाईट रूपात आणि एकटीने पाहाव्या लागतील, एवढेच होईल.

माझ्या अनुभवाचे एक उदाहरण देते. शनिवारी दुपारी आमच्या घरी माझी नात आणि आसपासच्या काही मुली वाचायला जमतात. त्या चुंबनाच्या प्रसंगापाशी आलो तेव्हा मी काही बोलण्याच्या आतच एक मुलगी म्हणाली, “आजी, पण त्याने तिला विचारलंच नाही.” दुसरी म्हणाली, “तिला तो आवडतोच ना, मग काय झालं?” यावर पहिलीने, “आवडतो म्हणून काय झालं? ती तेव्हा रागावली होती. तो तिची जिरवायला आला होता,” असे उत्तर दिले, आणि पुढचा बराच वेळ त्यांचा वाद रंगला. आवड असणे आणि संमती असणे यांत अंतर आहे, हे पाठ्यपुस्तकातील एखाद्या धड्यातून मला त्यांना इतक्या सहजपणे शिकवता आले नसते. त्याच दुपारी एकीने विचारले, की नाओकीला इतकी चांगली आई मिळाली तरी तो असा कसा झाला. त्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधते आहे.

‘ए’ तुकडी आणि ‘एफ’ तुकडी या विषयावर या मुली सर्वांत जास्त बोलल्या, हेही मुद्दाम नमूद करते. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरून जाताना कोचिंग क्लासच्या दारांवर गुणवंतांच्या छायाचित्रांचे मोठमोठे फलक दिसतात. चाचणीतील गुणांप्रमाणे बॅचेस पाडल्या जातात, आणि खालच्या बॅचमधील मुलीला तिची जागा रोज संध्याकाळी कळत असते. त्यांच्यापैकी एकजण अशाच खालच्या बॅचमध्ये बसते. कोतोको नाओकीकडूनच अभ्यास शिकून घेते आणि जिद्दीने परीक्षेनंतर लागणाऱ्या गुणवंतांच्या यादीत आपले नाव आणते, तो भाग त्या मुलीने स्वतःहून मोठ्याने वाचून दाखवला. ज्या पुस्तकामुळे अभ्यासावरून लक्ष उडते असे आपण म्हणतो, त्यातील हा प्रसंग तिने निवडला, एवढेच मी सांगेन.

हे परदेशी आहे, आपल्या संस्कृतीत बसत नाही, या आक्षेपावर फार लिहिण्याचे कारण नाही. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने हॅम्लेट मराठीत आणले, देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला, आणि ज्यांच्या नावाने आपले शहर आज ओळखले जाते त्या शिरवाडकरांनी मॅकबेथवरून ‘राजमुकुट’ लिहिले. परदेशी कथा आपल्या मातीत रुजवण्याचे आणि रुजवताना तिची पारख करण्याचे काम मराठी माणूस गेले शतकभर आणि त्याहूनही अधिक काळ करीत आला आहे. चित्रांना हालचाल देण्याची कलाही नाशिकला नवी नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये आपली चित्रसंस्था नाशिकला आणली, आणि आगपेटीतील काड्या एकेक चित्र घेत हलवून ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपटही त्यांनी केला. जिथे हे घडले त्या जिल्ह्यात ‘कार्टून’ हा हिणवण्याचा शब्द व्हावा, याचा खेद वाटतो.

पत्रलेखकांच्या पत्रात न आलेली, पण मला अधिक चिंतेची वाटणारी एक गोष्ट आहे. या मुलींपैकी बहुतेकींना ही पुस्तके विकत घेणे परवडत नाही आणि ग्रंथालयांत ती सहसा मिळत नाहीत, म्हणून त्या चोरून स्कॅन केलेली पाने मोबाइलवर वाचतात. अशा ठिकाणी वयाचा विचार न करता काहीही शेजारी मांडलेले असते, जाहिराती तर सांगूच नयेत अशा असतात, आणि लेखिकेच्या वारसांना एक पैसाही मिळत नाही. जपानमध्ये निर्मात्यांच्या हक्काचा विषय किती गंभीरपणे घेतला जातो हे ‘कँडी कँडी’ या १९७५ मध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध चित्रकथेवरून कळते. लेखिका क्योको मिझुकी आणि चित्रकार युमिको इगाराशी यांच्यातील वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि कथा लिहिणारीचा हक्क न्यायालयाने २००१ मध्ये मान्य केला. एवढ्या लोकप्रिय कथेची पुस्तके आणि ११५ भागांची मालिका त्या वादामुळे बाजारातून दिसेनाशी झाली, तरीही हक्काला बगल दिली गेली नाही. आपण मात्र मुलींना सन्मार्गाने मिळू शकणारे छापील पुस्तक काढून घेतो आणि त्यांना चोरीच्या पानांकडे ढकलतो. त्या शाळेत जप्त झालेली पुस्तके विकत घेतलेली होती, हे विसरून चालणार नाही. कोणीतरी आपल्या खाऊच्या पैशांतून ती घेतली असणार.

तेव्हा माझी पहिली विनंती त्या शाळेला आहे. पुस्तके मुलींना परत द्यावीत, आणि देण्यापूर्वी वर्गशिक्षिकांनी निदान पहिला खंड वाचावा. एखादा भाग त्या वयाला योग्य नाही असे वाटले तर पालकसभेत तो भाग दाखवून बोलावे. नुसत्या मुखपृष्ठावरून निर्णय घेऊ नये. शाळेतील मराठीच्या तासाला कादंबरीचे नाट्यरूपांतर, नाटकाचे चित्रपट रूपांतर हा विषय येतोच. तिथे एखाद्या तासाला मुलींना आवडणाऱ्या चित्रकथेचे एक पान आणि त्याच प्रसंगाचे अॅनिमेशन शेजारी ठेवून काय राहिले, काय गेले, काय बदलले हे त्यांनाच लिहायला सांगावे. शिक्षिका म्हणून मला खात्री आहे, की निबंधाच्या वहीत इतक्या आपुलकीने लिहिलेली पाने क्वचितच वाचायला मिळतील.

दुसरी विनंती ग्रंथालयांना. १८४० मध्ये स्थापन झालेले आपले सार्वजनिक वाचनालय हा नाशिकचा अभिमान आहे, आणि शहरातील इतर ग्रंथालयेही मुलांच्या विभागाकडे आस्थेने पाहतात. या विभागात चौदा ते सतरा वयाच्या वाचकांसाठी एक स्वतंत्र कपाट करावे आणि त्यात निवडक जपानी चित्रकथांचे इंग्रजी अनुवाद वयोगटाची स्पष्ट नोंद करून ठेवावेत. जपानी मासिके स्वतःच वयोगटाप्रमाणे निघत असल्यामुळे ही निवड करणे अवघड नाही. ‘नाकायोशी’ आणि ‘रिबोन’ लहान मुलींसाठी, ‘बेस्सात्सु मार्गारेट’ त्यांच्याहून मोठ्या मुलींसाठी, आणि त्यांच्यापुढची मासिके तरुण स्त्रियांसाठी निघतात. कोणती कथा कोणत्या मासिकात आली एवढे पाहिले तरी निम्मे काम होते. खरेदी समितीत एखादी दहावी-अकरावीची वाचक मुलगी सल्लागार म्हणून घेतली तर उरलेले निम्मेही होईल. मराठी प्रकाशकांनी यापैकी एखादी कथा रीतसर हक्क घेऊन मराठीत आणण्याचा विचार करावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे; अनुवादासाठी कोणाला मराठी शिक्षिकेची मदत लागली तर मी विनामोबदला करीन.

आणि शेवटी आपल्यालाच एक विनंती. आपल्या रविवारच्या पुरवणीत पुस्तक परीक्षणांना जागा असते. महिन्यातून एकदा तरी तिथे मुलींच्या वाचनातील अशा एखाद्या चित्रकथेचे किंवा अॅनिमेशन मालिकेचे परीक्षण छापावे, आणि ते शक्यतो शाळकरी वाचकाकडूनच लिहून घ्यावे. वर ज्या चुंबनाच्या प्रसंगाचा उल्लेख केला, त्यावर वाद घालणाऱ्या दोघी मुलींनी आपापली बाजू लिहून काढली आहे. त्यांच्या पालकांची परवानगी घेऊन ती दोन्ही टिपणे या पत्रासोबत जोडली आहेत. जागा असेल तर दोन्ही एकत्र छापावीत. एकच छापायचे झाल्यास माझे हे पत्र कापून त्यांना जागा द्यावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
गंगापूर रोड, नाशिक